आईच्या केसांचा नमुना

३ मार्च

ती. ताईस,

बारकीचा नमस्कार. आणि हे पत्र वाचून दाखवणाऱ्या, मी अजून न पाहिलेल्या सूनबाईला आशीर्वाद. सूनबाई, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत. अडलं तर अंदाजाने वाच, सासूबाईंना कळणार नाही.

इकडे सगळं ठीक आहे. खोकला होता, गेला. गुडघा आहे तिथेच आहे.

ताई, तुझं कार्ड पोचलं. चौदा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि जिन्यातच बसले. ओळी एकीवर एक चढलेल्या, तरी शाळेतल्या फळ्यावरचं तुझं वळण लपत नव्हतं. दोनदा वाचलं. वरच्या मजल्यावरची शिंपीण खाली उतरत होती. ती म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी गेलं नाही गं बाई, येतंय!"

तुझ्या डोळ्यांचं वाचलं. बघते तिथे मधोमध काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा पुसला जातो, पण केस, कान, खांदे राहतात, असं लिहिलंयस. उन्हाळा संपेपर्यंत कडाही जातील असं डॉक्टर म्हणाले. आणि मग तू ते मागितलंस. "त्याआधी एकदा आईला बघायचंय. तू केस रंगवणं सोड. चेहरा मला तसाही दिसणार नाही, आईसारखे पांढरे केस दिसले की पुरे. २४ तारखेच्या गाडीने येते."

ये. येच. मी करते काहीतरी.

शेवटी तू माफी मागितलीस ते मात्र नको होतं. सूनबाईला ठाऊक नसेल म्हणून सांगते. आई गुरुवारी गेली आणि ताई शनिवारी पोचली. मी आईचा राखाडी स्वेटर घालून दारात उभी होते. माझे केस तेव्हाच पांढरे झाले होते, आईच्या वळणावर गेलेले. ताईचे बाबांसारखे काळेभोर. ताईला क्षणभर वाटलं आईच उभी आहे. मग खरं कळल्यावर ती म्हणाली, "आधी हे केस काळे कर, मग माझ्यासमोर ये." मी त्याच आठवड्यात काळे केले. पण समोर जायचं राहून गेलं. एवढंच झालं. दुःखात माणूस बोलतं. स्वेटर थंडी होती म्हणून घातला होता.

तर आता केसांचं. काल पार्लरवालीकडे गेले. तिने माझी वेणी हातात धरून उलटसुलट बघितली, बाजारात दोडका बघतात तशी. म्हणाली, "आजी, चौदा वर्षांचे थरावर थर आहेत. यावर ब्लीच घातलं तर केस तुटून हातात येतील. आणि पांढरे व्हायचेच नाहीत, पिवळे होतील. नवे वाढू द्या. दीड वर्ष थांबा." मी म्हटलं, "दीड वर्ष माझ्याकडे असेल, पण बघणारीकडे नाही." तिला काही समजलं नाही.

शिंपीण म्हणते, स्वयंपाकघरातच सगळं आहे. खायचा सोडा, लिंबू, व्हिनेगर, कोंड्याचा शाम्पू. तिच्या भाचीने लग्नाआधी असाच रंग उतरवला होता म्हणे. आणि मी काय अगदीच अडाणी आहे का? बत्तीस वर्षं गालिच्यांच्या कारखान्यात लोकरीच्या छटा जुळवते. अजूनही आठवड्यातून तीन दिवस जाते. गिऱ्हाइकाने धाग्याचा एवढासा तुकडा पाठवला की त्याच रंगाची पन्नास किलो लोकर उतरवून देते. मग डोक्यावरच्या पावशेर केसांना घाबरू?

नमुनाही आहे माझ्याकडे. आईचा कंगवा. त्यात तिचे नऊ केस अडकलेले होते, मी ते कधी काढले नव्हते. आज काढले, पांढऱ्या दोऱ्याने बांधले, कारखान्यातल्या पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवले आणि सकाळी दहाच्या उजेडात खिडकीशी नेऊन बघितले. नमुना नेहमी त्याच उजेडात बघायचा असतो, ऊन थेट पडू द्यायचं नाही. ताई, आईचे केस पांढरे नव्हतेच! सायीचा रंग असतो ना, दूध निवल्यावर वर जमते त्या सायीचा, तसे होते. आपण उगीच इतकी वर्षं पांढरे म्हणत आलो.

फोन करणार होते. पण फोनवर माझा आवाज जरा... आमच्याकडे लाइन खराब असते. पत्रच बरं.

तुझी,
रंगारीण बारकी

११ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. सूनबाई, तुझी चिठ्ठी मिळाली. तू छान लिहितेस आणि मुद्द्याचं लिहितेस, आमच्या घराण्यात ही चालच नव्हती. "सासूबाई रोज विचारतात, किती पांढरे झाले?" हे वाचून मी हसले आणि मग आरशासमोर जाऊन उभी राहिले.

कामाचं आधी सांगते. पहिल्या दिवशी कोंड्याचा शाम्पू आणि खायचा सोडा निम्मा निम्मा घेऊन लेप केला. डोक्यावर बसवला, वरून पिशवी बांधली, अर्धा तास खुर्चीत बसले. धुताना तसराळ्यात पाणी चहासारखं उतरलं. खूप आनंद झाला. कारखान्यात लोकरीचा रंग उतरतो तेव्हा पाण्यात असेच धुरासारखे पट्टे फिरतात, मी लहान पोरीसारखी बघत बसते. त्या दिवशीही तशीच बघत बसले, पाणी गार होईपर्यंत.

मग दोन दिवस केस राठ, झाडूसारखे. मग कोमट खोबरेल. तिसऱ्या दिवशी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. औषधवाला म्हणाला, "एवढ्या? सर्दी फार झालीय का?" मी म्हटलं, "हो, चौदा वर्षांची आहे." गोळ्या खलात कुटल्या, शाम्पूत कालवल्या, तासभर ठेवल्या. काळा गेला. कोऱ्या चहाचा रंग आला. दर वेळी एक बट कापून, तारीख घालून कार्डावर लावतेय, आईच्या नमुन्याखाली. सवय जात नाही.

मग लिंबू. लिंबाला ऊन लागतं. म्हणून गेले चार दिवस सकाळी गच्चीवर बसते, केस मोकळे सोडून, रस लावून. गच्चीवर शिंपिणीने धुऊन टाकलेली अस्तरं वाळत असतात, सगळी फिकट, वाऱ्याने फुगतात आणि बसतात. डोळे मिटले की पापणीआड सगळं केशरी होतं. अर्धवट झोप लागते. काल त्या झोपेत आपण दोघी एकाच बादलीशी वाकलेल्या होतो. आई एका हाताने तुझं डोकं चोळत होती, एका हाताने माझं. आणि म्हणत होती, "कुणाचं कुठलं डोकं तेच समजत नाही." तू म्हणालीस, "काळं ते माझं." मी डोळे उघडले तर अस्तर तोंडावर आलेलं. ताई, असं खरंच झालं होतं का? की उन्हाने डोकं तापल्यामुळे? तुला आठवत असलं तर सूनबाईला लिहायला सांग. आता हे विचारायला दुसरं कोणी उरलं नाही.

सध्याचा रंग घासलेल्या पितळेचा आहे. कारखान्यात सगळे माझ्या डोक्याकडे बघून दुसरीकडे बघतात. मुकादम तेवढे म्हणाले, "बाई, ही छटा कुणाच्या ऑर्डरची?" मी म्हटलं, "घरची ऑर्डर आहे, अजून पास झालेली नाही."

मुळाशी मात्र खरे केस आले आहेत. जानेवारीअखेर रंगवले होते, मग खोकल्यात राहून गेलं. बोटाच्या अर्ध्या पेराएवढे असतील. ते कार्डाला लावून बघितले. जुळतात. सायीचे. एका धाग्याचाही फरक नाही. मला तिथेच रडू आलं, का ते कळेना.

सूनबाई, तुझ्या चिठ्ठीत आणखी एक वाक्य होतं. "सासूबाई सगळ्यांना सांगतात, बिचारी माझी बहीण थंडीत आईचा स्वेटर घालून उभी होती आणि मी तिला काय बोलले!" हे तिने सगळ्यांना सांगू नये. तिला सांग. त्या दिवशी इतकी थंडी

राहू दे. पुढे काही नाही, वाचायची थांब.

तुमची,
पितळी मावशी

१८ मार्च

ताई,

हे पत्र जाड पेनाने लिहितेय. कारखान्यात गठ्ठ्यांवर आकडे घालतात त्या पेनाने. एका पानावर आठच ओळी बसतात, म्हणून पाकीट एवढं फुगलंय. सूनबाई, तू चांगली मुलगी आहेस, हे तुझ्यासाठी नाही. तिच्या हातात दे आणि चहा ठेवायला जा. ताई, भिंग घे, मान तिरकी कर, आणि कडेने बघत बघत वाच. वेळ लागेल. लागू दे.

आधी हसण्यासारखं सांगते. पितळी रंग मारायला मी शुक्रवारी केसांना नीळ लावली, कपड्यांची. पांढऱ्याला नीळ दिली की पांढरा खुलतो, हे घरोघरी सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझे केस पांढरे नव्हते, पिवळे होते. बत्तीस वर्षं रंगात हात आहेत, नवीन येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी मीच शिकवते की पिवळ्यावर निळं पडलं की हिरवं होतं. आणि तेच विसरले. टॉवेल सोडला, तर डोक्यावर शेवाळ! शिंपीण खाली आली, बघितलं, आणि पायरीवर बसून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मीही हसले. मग ती गेली आणि मी तशीच हिरव्या डोक्याने बसून राहिले. विसरले कशी? माझ्यासारखी बाई हे विसरत नाही, ताई. मला वाटतं, ते केस पांढरे व्हायला मलाच नको होते.

आता ऐक.

त्या दिवशी थंडी नव्हती.

आईचं शेवटचं दुखणं दहा दिवसांचं होतं. पहिल्या दिवशीच मी तुला कळवलं होतं. तू म्हणालीस, मुलांच्या परीक्षा आहेत, पेपर तपासून झाले की निघते. आई रोज विचारायची, "ती आली का?" मी रोज सांगायचे, "निघाली, गाडीत बसली." सातव्या दिवशी ती म्हणाली, "केवढी लांब गाडी आहे गं ही." नंतर विचारलं नाही. नुसती दाराकडे बघायची. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण तसं नव्हतं. मी ते राखून ठेवलं होतं.

शनिवारी दुपारी मी खिडकीत होते. कोपऱ्यावर तू रिक्षातून उतरलीस. बॅग खाली ठेवलीस, साडी नीट केलीस, केस सारखे केलेस. आई गेल्याचं तुला अजून माहीत नव्हतं. निरोप पोचेपर्यंत तू घर सोडलं होतंस. मला माहीत होतं की तुला माहीत नाही. तुला दारापर्यंत यायला तीन-चार मिनिटं होती.

त्या तीन-चार मिनिटांत मी कपाट उघडलं. आईचा स्वेटर काढला आणि घातला. वेणी सोडली. आई बांधायची तसा मानेवर सैल अंबाडा बांधला, तिच्याच चापाने. स्वयंपाकघराचा दिवा लावला आणि बाहेरच्या खोलीचा बंद केला, म्हणजे उजेड माझ्या मागून येईल. रंगाची माणसं आम्ही, उजेड कुठून आला की काय दिसतं ते मला कळतं. दार उघडलं, आणि आईच्या आवाजात म्हणाले, "आलीस का? पायपुसण्यावर पाय पूस."

माझा आवाज तिच्यासारखा आहे हे तुला ठाऊक आहे. लहानपणी मी तिची नक्कल करून तुला फसवायचे, तू चिडायचीस. म्हणून फोन केला नाही. लाइन चांगली आहे आमची.

तू बॅग टाकलीस. मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "आई, मला वाटलं मला उशीर झाला." किती हलकी झालीस तू तेव्हा. तुझं सगळं वजन माझ्यावर आलं. आणि मी काही बोलले नाही. तुझ्या पाठीवरून हात फिरवला, आई फिरवायची तसा, वरून खाली. मी तुला तिथेच थांबवू शकले असते. थांबवलं नाही. मला वाटत होतं, घे, थोडा वेळ घे, आणि मग मी काढून घेईन. एवढी मी वाईट होते त्या दुपारी. मग एक पाऊल बाजूला सरकून दिव्याकडे वळले, उजेड माझ्या तोंडावर पडला आणि तू बघितलंस.

नंतर सगळ्यांना सांगितलं, थंडी होती. तुलाही तेच सांगितलं. तू विश्वास ठेवलास, तो आवाज मनाचा भास समजली असशील, आणि स्वतःलाच दोष दिलास की मी बिचाऱ्या बहिणीला टाकून बोलले. मी केस काळे केले आणि लोकांना वाटलं, बघा, मोठ्या बहिणीच्या शब्दाला किती मान देते. दर तीन आठवड्यांनी, चौदा वर्षं, ब्रश घेऊन आरशासमोर बसायचे ते तुझ्या शब्दाखातर नव्हे. मुळाशी एक रेघ पांढरी दिसली की ती दारातली बाई दिसायची, आणि मला तिला झाकायचं असायचं.

आणि तू कार्डात तेच मागितलंस. पुन्हा एकदा दारात आई होऊन उभी राहा.

मी खरंच करणार होते, ताई. स्वेटर अजून आहे. ऊन दाखवून ठेवला होता. वाटलं, या वेळी चांगल्या मनाने करीन, म्हणजे मागचं धुऊन निघेल. तुला चेहरा दिसणार नाही, केस तेवढे दिसतील, कुणाला कळणार आहे? पण गच्चीवर उन्हात डोळे मिटून बसले की दर वेळी तुझे ते शब्द ऐकू यायचे. "मला वाटलं मला उशीर झाला." आणि माझ्या हाताखाली तुझी पाठ.

सोमवारी सकाळी मी शिंपिणीला कात्री घेऊन बोलावलं, कापडाची मोठी. म्हटलं, रंग आहे तिथपर्यंत सगळं उडव. ती म्हणाली, "अहो, डोक्यावर काही राहायचं नाही!" म्हटलं, जे खरं आहे तेवढं राहील. तिने गच्चीवर स्टुलावर बसवून कापले. हिरव्या-पितळी बटा खाली पडत होत्या, वाऱ्याने अस्तरांच्या मागे पळत होत्या. हलकं हलकं वाटत होतं, झोप येत होती. आता डोक्यावर बोटाच्या अर्ध्या पेराएवढे केस आहेत, सायीच्या रंगाचे. कार्डाला जुळतात. अगदी तंतोतंत.

मग मी आरशात बघितलं, आईला बघायला म्हणून. आणि ताई, आरशात बाबा होते! तेच कान, तीच कपाळाची ठेवण, हजामतीहून आलेले बाबा. मी एवढ्याने हसले की शिंपीण घाबरली. आणि हसता हसता थांबले, तेव्हा तिथे आईही नव्हती आणि बाबाही नव्हते. एकसष्ट वर्षांची एक बाई होती, जरा भेदरलेली. तिला मी फारशी ओळखत नाही.

म्हणजे तुझी ऑर्डर काही पुरी झाली नाही. आई मला दाखवता येणार नाही. तिचे ते नऊ केस कार्डासकट या पाकिटात घातले आहेत. ते तुझे. भिंगाखाली धर, सकाळी दहाच्या उजेडात. तेवढीच खरी आई माझ्याकडे होती.

हे पत्र तुला शनिवारी मिळेल. गाडी मंगळवारची आहे. मधे विचाराला वेळ आहे. नाही आलीस तर मी समजेन, आणि कुणाला काही सांगणार नाही, थंडीचंही नाही.

आलीस तर दोन्ही दिवे लावलेले असतील. स्वेटर नसेल. दारात मी काही बोलणार नाही, तू आधी बोल. एकदम समोरून बघू नकोस, तिथे डाग आहे. मान जरा तिरकी कर, सावकाश बघ. केस ओळखीचे वाटले नाहीत तर हात लावून बघ. तुझ्यापाशी जेवढं दिसणं उरलंय ते आईवर खर्च करू नकोस, ताई. ती आपल्या दोघींना डोळे मिटूनही दिसते. थोडं माझ्यासाठी ठेव. मला तू चौदा वर्षं बघितलेलं नाहीस.

वाट बघणारी, आणि या खेपेला आपल्याच आवाजाची,
बारकी